पॅरिस ते व्हेनिस, मार्गे उमरोळी

बोईसर,
रविवार, ३ मे

मुरबे बंदराचे अनुभवी तांडेल, काशीवहिनींचे यजमान आणि माझे पस्तीस वर्षांचे मित्र (हा शब्द ठेवायचा की खोडायचा, ते पत्र संपल्यावर तू ठरव) जानू यांस, बोईसरहून नागोरावचा मनापासून रामराम.

तुझा गुडघा कसा आहे? साखर तपासलीस का? बोटीच्या इंजिनाचा आवाज गेला की अजून खोकतं आहे? काशीवहिनींची कंबर, सुजीतचा नवा जाळ्याचा धंदा, सगळं बरं असेल असं धरून चालतो, कारण विचारायला दुसरी सोय तू ठेवलेली नाहीस. आमच्याकडे राहीचं ब्लडप्रेशर ठीक आहे. माझं तिच्यामुळे ठीक नाही, पण त्यात तिची चूक नाही, हे पुढे येईलच.

पत्रास कारण की, तू फोन उचलत नाहीस. एकदा सुजीतने उचलला आणि "काका, बाबा नाय बोलत" एवढं सांगून त्याने फोन ठेवला. म्हणून हे पत्र. तुझी सून हेमाली रोज बोईसरला दवाखान्यात कामाला येते, तिला राही उद्या चहाला बोलावून हे पाकीट तिच्या पर्समध्ये घालणार आहे. (हेमाली, तो तुलाच वाचून दाखवायला लावील, कारण वाचायची वेळ आली की त्याला नेमकं दुसरं काम आठवतं. तेव्हा कंसातला मजकूर गाळून वाच. कंसात मी माझ्याशी बोलतो.) ह्या पत्रात मी माफी मागणार आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण केमिकल फॅक्टरीत शिफ्ट इन्चार्ज म्हणून जन्म काढलेला माणूस आहे मी. काय घडलं, कोणत्या क्रमाने घडलं, हे पूर्ण लिहिल्याशिवाय खाली सही करायची मला सवय नाही. तेव्हा जरा धीर धर.

मुळात युरोप हे खूळ तुझं, हे पहिल्यांदा नोंदवतो. दिवाळीनंतर आपण तिघं, तू, मी आणि माकुणसारचा महादू, उमरोळी स्टेशनच्या बाकावर बसलो होतो. (हेमाली, महादूकाका म्हणजे आमचे स्टोअरकीपर, ज्यांच्या वाडीतली केळी तुमच्याकडे येतात.) उमरोळीच का, तर मला बोईसरहून, महादूला सफाळ्याहून आणि तुला मुरब्याहून यायला ते सारखंच गैरसोयीचं, म्हणून कोणाची तक्रार नाही. तू सुजीतच्या मोबाईलवर पाहिलेलं सांगत होतास: तांबडी आगगाडी, छतापर्यंत काचा, बाहेर डोंगर. म्हणालास, "नागोराव, जनमभर सुकाणू मीच धरला. एकदा कोण तरी दुसरा चालवील, न मी नुसता खिडकीशी बसेन." मग बर्फाचं काढलंस. "बरफ मी रोज फोडतो न मासळीवर टाकतो. पण आपल्याआप पडलेला नाय बघला कधी." मला तेव्हा हसू आलं होतं. आता नाही येत. महादूने शेंगा सोलता सोलता "चला" म्हटलं आणि आपलं ठरलं. जून ठरला, कारण एक जूनपासून दोन महिने मासेमारी बंद, आणि उभ्या वर्षात तू मोकळा असतोस ते तेवढेच. पॅरिस, झुरिक, इन्सब्रुक, व्हेनिस. चार देश, बावीस दिवस, एकच रेल्वेचा पास, तीन म्हातारे.

खूळ तुझं, पण ते माझ्या हातात आलं आणि तिथे घात झाला. तू म्हणाला होतास, जाऊ, बसू, बघू. मी दोनशे पानी वही आणली. वहीला समास आखला. तिघांचे पासपोर्ट माझ्या कपाटात जमा करून घेतले (त्याची पोचसुद्धा दिली होती, आठवतंय?). व्हॉट्सॲपवर 'युरोप बॅच क्रमांक एक' असा ग्रुप काढला आणि त्यावर रोज सकाळी एक नियम टाकू लागलो. सातवा नियम, सुकी मासळी न्यायची नाही. तू फक्त एकदा विचारलंस, "जवला पण नाय?" मी म्हटलं, जवलाही नाही, मी माळकरी, मला लसूणसुद्धा चालत नाही, वर त्या गोऱ्यांच्या बंद डब्यात वास कोंडेल. ते तू मानलंस. पण चौथा नियम तुला पटला नव्हता, हे मी तेव्हा वहीत लिहायला हवं होतं. चौथा नियम असा की, तिकडे गाडी कोणासाठी थांबत नाही, म्हणून आपणही कोणासाठी थांबायचं नाही. जो राहील त्याने पुढच्या गाडीने यावं. तू कान खाजवलास आणि म्हणालास, "आमच्यात माणसं मोजल्याबिगर बोट सोडत नाय." मी म्हटलं, जानू, ही बोट नव्हे, हा युरोप आहे. किती शहाणा होतो मी!

त्यातून ट्रायल बॅचची कल्पनाही माझीच. आमच्या फॅक्टरीत नवा माल एकदम मोठ्या रिॲक्टरमध्ये कोणी टाकत नाही. आधी लहान भांड्यात थोडा करून बघायचा, तो उतू गेला तर चार बादल्या पाणी मारून भागतं. म्हणून मी ठरवलं की युरोप आधी पश्चिम रेल्वेवर करून बघायचा. सफाळे म्हणजे पॅरिस, पालघर म्हणजे झुरिक, उमरोळी म्हणजे इन्सब्रुक आणि डहाणू म्हणजे व्हेनिस. प्रत्येक देशात सामानासकट उतरायचं, जिना चढून-उतरून परत प्लॅटफॉर्मवर यायचं, पुढची गाडी पकडायची. गुढीपाडव्यानंतरचा रविवार धरला. सामान प्रत्येकी वीस किलो. मी राहीच्या डब्यातले गहू भरले, ते ती दिवसभर शोधत होती. महादूने वाडीतली केळी भरली. तुझी बॅग मात्र खरीखुरी भरलेली होती, वरून दोरीने आवळून तुमच्या बंदरावरची गाठ मारलेली. आत काय म्हणून विचारलं तर नुसता हसलास. (मला वाटलं, बोंबील.)

पॅरिस सुरळीत पार पडलं. झुरिकला मी तपासनीस झालो. पालघरच्या प्लॅटफॉर्मवर वही उघडून, चष्मा कपाळावर चढवून, तुमचे पासपोर्ट पानन् पान तपासू लागलो. आता पालघर जिल्ह्याचं ठिकाण; तिथे वही घेऊन कागद तपासणारा माणूस दिसला की लोक आपोआप रांग लावतात, रविवार असला तरी. तीन बायका आणि एक म्हातारे गृहस्थ तुझ्या मागे उभे राहिले. त्यांनी आधार कार्ड काढून धरलं आणि विचारलं, फारम कुठे मिळतो? मी त्यांना समजावत बसलो की ही सरकारी योजना नव्हे, हे स्वित्झर्लंड आहे. ते म्हणाले, असू दे, पण नाव तर लिहून घ्या. शेवटी तू त्यांच्या हातात महादूची सहा केळी दिलीस आणि ते समाधानाने गेले. तू एवढा हसलास की डोळ्यांत पाणी आलं. जानू, त्या दिवसातलं तेवढंच मी पुन्हा पुन्हा आठवतो.

आता इन्सब्रुक. उमरोळीला आपण पाऊण तास आपल्या नेहमीच्या बाकावर बसलो होतो. पुढची गाडी लोकल नव्हती, सुरतेकडे जाणारी पॅसेंजर होती. मला लांबचं दिसत नाही आणि जवळचं वाचायला चष्मा काढावा लागतो, हे तुला माहीत आहे. मी वहीत डोकं घालून पुढचं वेळापत्रक वाचत होतो. गाडी लागली, मी "चढा!" म्हणून ओरडलो, महादूला आत ढकललं, मी चढलो, तू चढलास, बॅग वर टाकलीस. आणि गाडी हलायला लागली तसा तू एकदम खाली उतरलास. मला दिसला तो एक पांढरा सदरा, दारातून खाली गेलेला. महादू उठून ओरडू लागला, साखळी ओढ, निदान आपण बोईसरला तरी उतरू. मी म्हटलं, नियम चार. आणि वहीत लिहिलं. जे लिहिलं ते तसंच इथे उतरवतो, कारण लपवण्यात अर्थ नाही: "प्रवासी क्रमांक दोन, इन्सब्रुक येथे विनाकारण उतरला. नापास."

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. मी तुला फोन लावला. डब्यात गलका होता म्हणून स्पीकरवर लावला. आणि सगळ्या डब्याला ऐकू जाईल असं म्हणालो, "जान्या, उमरोळीला गाडीत टिकत नाहीस, तिकडे काय टिकणार? तू आपला बोटीतच बरा." समोरचे चार-पाच जण हसले. मला ते आवडलं, हेही कबूल करतो. तू म्हणालास, "बरा." आणि फोन ठेवलास. वाद घातला असतास, शिवी हासडली असतीस तर मी आज हे पत्र लिहीत नसतो. तो एक शब्द मला दीड महिना पुरला आहे.

आमचं पुढे काय झालं, ते महादूने तुला सांगितलं असेलच, पण त्याने स्वतःची झोप वगळून सांगितलं असणार. बोईसर गेलं. वाणगाव गेलं म्हणे. मी चष्मा शोधत होतो. खिसे बघितले, पिशवी उलटी केली, सीटखाली ओणवा होऊन गव्हात हात घातला, चष्मा नाही. बाहेर पाट्या होत्या, पण मला त्या नुसत्या पिवळ्या दिसत होत्या. महादू बॅगेवर डोकं टेकून घोरत होता. बऱ्याच वेळाने मी समोरच्या कामगाराला विचारलं की डहाणू कधी येईल, तर तो म्हणाला, "चाचा, दहाणू तो कब का निकल गया." आम्ही उंबरगावला उतरलो. म्हणजे गुजरातेत. साऱ्या ट्रायलमध्ये खरी सीमा ओलांडली ती एवढीच, आणि तीही झोपेत आणि चाचपडत. परतीच्या गाडीपर्यंत आम्ही तिथे दोन तास बसलो, महादू केळी खात होता आणि मी, देवाशपथ सांगतो, तुलाच दोष देत होतो. तू न उतरतास तर खिडकीतून डहाणू बघितलं असतंस, मला सांगितलं असतंस. हा विचार खरा होता, जानू. फक्त मी तो उलटा धरला होता.

घरी आलो तेव्हा राही म्हणाली, "जानूभावजी येऊन गेले." मी म्हटलं, तक्रार घेऊन आला असेल, त्याचं नाव माझ्यापुढे काढायचं नाही. ती काहीतरी सांगायला गेली, मी हात वर केला. लग्नाला बत्तीस वर्षं झाली, मी हात वर केला की ती थांबते आणि मग मी आपणहून तोंडघशी पडेपर्यंत वाट बघते. दुसऱ्या दिवशी सकाळी चष्मा फ्रिजवर सापडला. मी टाळी वाजवून म्हटलं, बघा, चष्मा घरीच राहिला होता, म्हणूनच डहाणू चुकलं! वर तिलाच बोललो, की निघताना आठवण करायला काय झालं होतं. महादू फोनवर म्हणाला, अरे सकाळी तर तुझ्या कपाळावर होता, झुरिकला. मी त्याला म्हटलं, तू झोपलेला होतास, तुला काय कळतंय. मग मी ट्रायलचा अहवाल तयार केला आणि ग्रुपवर टाकला. त्यात तुझं नापास होणं ठळक अक्षरात होतं. अर्ध्या तासाने खाली एक बारीक ओळ उमटली, की जानू ग्रुपमधून बाहेर पडला. तीन माणसांचा ग्रुप. एक गेल्यावर राहिलो मी आणि महादू, आणि महादूला ग्रुप उघडता येत नाही.

त्यानंतरचे पाच आठवडे मी फार तोऱ्यात काढले. येईल झक मारत, असं म्हणत होतो. (तू यायला हवा होतास असं रोज वाटायचं, ते कोणाला सांगितलं नाही.) वहीत मात्र पुढे एक अक्षर लिहिलं गेलं नाही. शेवटी गेल्या रविवारी मी एकटाच उमरोळीला गेलो. राहीला सांगितलं, फेरचाचणी आहे. खरं म्हणजे कसली चाचणी नि काय, आपला बाक बघायला गेलो होतो. तिथे ताडगोळे विकणारी गोजराबाई असते ना, तिने मला निरखून बघितलं आणि विचारलं, "तुमीच ना ते चष्मेवाले? मिळाला ना चष्मा?" मला काही कळेना. मग तिने सांगितलं. तिचे शब्द जसेच्या तसे लिहितो, कारण माझ्या शब्दांत ते बसत नाहीत. "तुमचा चष्मा हितंच बाकावर रायलेला. तुमच्या दोस्तानं खिडकीतून बघला न उतरला. मी बोलली, गाडी सुटते, राहू दे, मी ठेवते. तर बोलला, नाय बाय, त्याला त्याच्याबिगर काय दिसत नाय, उतरायचा चुकंल तो."

उतरायचा चुकेल. आणि मी चुकलोच.

तिने आणखीही सांगितलं, न विचारता. की गाडी गेल्यावर तू बाकावर बसून सदऱ्याच्या टोकाने माझ्या काचा पुसत होतास. की तेवढ्यात फोन वाजला, आणि पलीकडून माणसं हसल्याचं तिला तिच्या पाटीपर्यंत ऐकू आलं. की तू "बरा" म्हणालास आणि तिला विचारलंस, बोईसरला जायला रिक्षा कुठे मिळेल. मी ताडगोळे घेतले डझनभर. का घेतले, कोणासाठी घेतले, काही कळत नव्हतं. तिथेच बसून ते सोलत राहिलो आणि एकही खाल्ला नाही. घरी विचारलं तर राही म्हणाली, हो, तेच आले होते चष्मा द्यायला, पाणीसुद्धा उभ्यानेच प्यायले. मी म्हटलं, मग सांगितलं का नाहीस? तिने फक्त तिचा हात वर करून दाखवला, मी करतो तसा.

त्याच दिवशी संध्याकाळच्या आत मी मुरब्याला आलो होतो, हे तुला ठाऊक आहे, कारण तू घरात होतास. काशीवहिनी अंगणात बांबूंवर बोंबील टाकत होत्या. म्हणाल्या, "ते बोटीवर गेलेत." तुझी बोट त्यांच्या पाठीमागे वाळूत उभी होती आणि तुझ्या चपला दारात होत्या. त्या माऊलीला खोटं बोलता येत नाही. तिने माझ्याकडे बघितलं, बोटीकडे बघितलं, आणि पदराने तोंड पुसलं. मीही म्हटलं, बरं, आले की सांगा. आणि निघालो. दारावर थाप मारायची हिंमत झाली नाही. शंभर माणसांच्या शिफ्टला दमात घेणारा मी, तुझ्या दोन चपला ओलांडू शकलो नाही.

परतताना खाडीच्या बाजूला उभा राहिलो तेव्हा ते जुनं आठवलं. मी हिंगोलीकडून नोकरीला नवा आलो होतो, तुझ्याच पडवीला लागून असलेल्या खोलीत भाड्याने राहत होतो, आणि समुद्रात कसं जातात ते बघायचं म्हणून हट्ट धरून बसलो होतो. तू म्हणालास, पहाटेच्या पाण्याला ये. मला शिफ्ट सोडायला उशीर झाला. धावत किनाऱ्यावर आलो तेव्हा पाणी निम्मं ओसरलं होतं आणि तुझी बोट अजून तिथेच. तुझी माणसं मला शिव्या घालत होती. बोट चिखलात टेकली, दिवसाची मासेमारी बुडाली, बाप तुला चार लोकांत बोलला. आणि तू मला एवढंच म्हणालास की मोजलं तर एक कमी भरत होता. समुद्राचं पाणी कोणासाठी थांबत नाही, जानू, मला सांगायची गरज नाही. पण तू थांबलास. आणि मी, ज्याच्यासाठी तू थांबलास, तो तुला उमरोळीच्या बाकावर सोडून पुढे गेलो, तेही वहीत लिहून.

तर आता माफी. मी चुकलो. गाडी सुटली ती रेल्वेची चूक नाही, तुझी तर नाहीच. साखळी ओढली नाही, बोईसरला उतरलो नाही, फोनवर तसं बोललो, ही सगळी माझी. वहीतलं ते पान फाडून टाकणार होतो, पण मग वाटलं की फाडलं तर मी सुटलो असं होईल. म्हणून ते तसंच ठेवून खाली लिहिलं आहे: "निकाल चुकीचा. प्रवासी क्रमांक दोन पास. शिफ्ट इन्चार्ज नापास." महादूने साक्षीदार म्हणून सही केली आहे, केळ्याचा डाग आहे तिथे.

युरोपला यावंस, असं माझं काहीएक म्हणणं नाही. तो तुझा प्रश्न. मी कोण सांगणारा? आम्ही दोघं जाऊ किंवा न जाऊ, त्याची तू काळजी करू नकोस. तुझा पासपोर्ट ह्याच पाकिटात घातला आहे, मी तो अडवून ठेवला असं कोणी म्हणायला नको. गुडघ्याला शेक घेत जा. काशीवहिनींना नमस्कार, सुजीतला आशीर्वाद. ह्या पत्राला उत्तर पाठवलंच पाहिजे अशी सक्ती नाही.

तुझा (खोडायचं असल्यास इथून सुरुवात कर),
नागोराव

ता. क. १ : व्हिसाच्या ऑफिसात आपली वेळ बुधवारी, तेरा तारखेला, सकाळी साडेदहाची आहे, मुंबईला. आपली म्हणजे तिघांची. तुझं नाव मी काढलेलं नाही. महादूने परवा कळवलं की जानू नसेल तर तोही येणार नाही, कारण माझ्याबरोबर बावीस दिवस काढायचे तर मध्ये बसायला कोणीतरी लागतं. म्हणजे वर "आम्ही दोघं जाऊ" असं जे लिहिलं आहे, त्यात तथ्य नाही. एकटा मी माझ्या वहीबरोबर कुठे जाऊ? आणि जून-जुलै गेले की तू पुन्हा बोटीवर, आणि पुढच्या जूनला आपल्यातला कोणाचा गुडघा चालू असेल ते सांगता येत नाही.

ता. क. २ : तुझी बॅग माझ्याकडेच राहिली होती. महिनाभर मी घरात सांगत होतो की तिला बोंबलाचा वास येतो आहे, बघा, नियम मोडला की नाही. वास सोसवेना तेव्हा काल राहीने उघडली. (गाठ सुटेना म्हणून कापली, त्याचीही माफी.) वास बाहेरच्या खिशातल्या, झुरिकला वाटून उरलेल्या महादूच्या केळ्यांचा होता, ती पार काळी पडली होती. आत सुकी मासळी नव्हती. जवलाही नव्हता. तुझ्या कपड्यांखाली काशीवहिनींनी विणलेल्या तीन कानटोप्या होत्या, आणि खोबऱ्याच्या चटणीचे तीन डबे. त्यातल्या एकावर हेमालीच्या अक्षरात चिठ्ठी होती: "नागोरावकाका. माळ आहे. लसूण नाही." राहीने ती चिठ्ठी माझ्या हातात दिली आणि आत निघून गेली. मी निळी टोपी घातली. बोईसरला, मे महिन्यात, पंख्याखाली, घातली आणि बसून राहिलो.

ता. क. ३ : येत्या रविवारी, दहा तारखेला, दुपारी चार वाजता मी उमरोळीला आपल्या बाकावर असेन. कोणत्याही गाडीत चढणार नाही. बसल्याबरोबर चष्मा काढून बाजूला ठेवणार आहे, जिथे तो राहिला होता तिथेच. आता अडचण अशी की चष्मा काढला की जिना उतरून येणारा माणूस तू आहेस की तिकीट तपासनीस, हे मला कळणार नाही. तेव्हा लांबून नुसता बघून परत जाऊ नकोस. (हेमाली, एवढा कंस मात्र गाळू नकोस, मोठ्याने वाच, आणि तो उठून गेला असेल तर त्याच्या मागे जाऊन वाच: जानू, मला दिसणार नाही. तूच हाक मार.)